पाच अंश उजवीकडे

सातोळी बंदरात आठ होड्या होत्या आणि त्यांपैकी सात होड्यांच्या सुकाणूला गेली तीन वर्षं माणसाचा हात लागला नव्हता. त्या आपापल्या चालत, आपापल्या वळत, जाळी भरली की आपापल्या घरची वाट धरत. खलाशी लागत ते फक्त जाळी ओढायला. पण खाडीच्या तोंडाशी आल्या की या सातही शहाण्या होड्या इंजिन मंद करून मुकाट उभ्या राहत आणि आठवीची वाट बघत.

आठवी होती ‘भराडीकृपा’. तिच्यावर सगळंच जुनं, यंत्रं जुनी आणि तांडेलही जुना. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. दिगंबर कुबल, वय बासष्ट, सारं बंदर त्याला दिगू तांडेल म्हणे. तो नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला उभा राही, पाण्याचा रंग बघे, लाट कुठे फुटते आणि कुठे नुसती फुगते ते बघे, आणि मागे चाकावर बसलेल्या साईशला ओरडून वाट सांगे. सातोळीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा एक दांडा आहे. तो दर भरती-ओहोटीला जागा बदलतो. उपग्रहाचं चित्र हाती येईपर्यंत दांडा पुढे सरकलेला असतो. खोली मोजणारं यंत्र होडीच्या पोटाखालचं सांगतं, पुढ्यातलं नाही. म्हणून भराडीकृपा आधी आत शिरे आणि सात होड्या तिच्या मागोमाग, तिने कापलेल्या पाण्यातून. रोज चाळीस माणसं दिगूच्या डोळ्यांच्या भरवशावर घरी पोचत. दिगूला हे ठाऊक होतं आणि त्याची त्याला थोडी मिजासही होती.

त्या वर्षी नियम निघाला. डिसेंबरच्या एक तारखेपासून दांडा ओलांडताना कुठल्याही होडीच्या चाकाला माणसाने हात लावायचा नाही. वाट तांडेलाने सांगायची, चाक किनारजाळ्याने फिरवायचं. किनारजाळं म्हणजे सगळ्या होड्यांवरच्या सगळ्या यंत्रांना एकमेकांशी जोडणारी व्यवस्था. दिगूने आधी साफ नकार दिला. मग बंदरातले लोक घरी येऊन बसले, तेव्हा एका अटीवर कबूल झाला. त्याच्या जुन्या यंत्रांना कोणी हात लावायचा नाही.

म्हणून रेवा पाटणकर आली. किनारजाळ्याची अभियंता, पुण्याची, तिशीतली, होडीवर चढताना चपला हातात घेणारी. दिगूला ती तेवढ्यावरच पसंत पडली. तिच्या खांद्याला एक करडा डबा लटकत होता.

“ह्या काय गो बाय?”

“दुभाष्या,” रेवा म्हणाली. “काका, तुमची जुनी यंत्रं एका तारेवरून एकाच्याच कानात बोलतात. खोली मोजणारं यंत्र जे सांगायचं ते फक्त त्याच्या पडद्याला सांगतं, बाकी कोणाला पत्ता नसतो. नव्या होड्यांवर एकच केबल असते आणि सगळी यंत्रं तिच्यावर. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, आणि तेसुद्धा आधी स्वतःचं नाव सांगून. तुमच्या यंत्रांना नाव सांगायची सवयच नाही.”

“मगे ह्यो डबो त्यांका शिकवतलो?”

“त्यांना नाही शिकवणार. तोच त्यांच्याकडून शिकेल.”

पूर्वीचे दुभाषे कंपनीच्या पुस्तिकेवर चालत. अमुक यंत्राने अमुक खूण पाठवली की तिचा अर्थ तमुक, असं पुस्तिकेत छापलेलं असे. पण किनाऱ्यावरच्या जुन्या यंत्रांच्या कंपन्या केव्हाच बुडाल्या होत्या, पुस्तिका उंदरांनी खाल्ल्या होत्या आणि यंत्रं इतक्या हातांनी उघडून जोडली होती की त्यांच्यात मूळचं फारसं उरलं नव्हतं. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की यंत्र काय बोलतं तिकडे बघूच नये. ते बोलल्यावर माणसं काय करतात ते बघावं. खोलीचं यंत्र सहा वाव म्हणालं (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) आणि खलाशांनी चारच वाव दोर सोडला, असं पुन्हा पुन्हा झालं, तर त्या यंत्राच्या तोंडचे सहा म्हणजे चार.

“म्हणजे अर्थ शब्दात नसतो,” रेवा म्हणाली. “लोक त्या शब्दावर काय करतात, त्यात असतो. या डब्याची सगळी अक्कल एवढीच. दोरावर, चाकावर, इंजिनावर नजर ठेवायची आणि सगळ्यांचं बोलणं ऐकायचं. तीस दिवस तो नुसता बघेल. मग मी तुम्हाला अर्थसूची देईन. वाचायची, पटली तर अंगठा द्यायचा.”

“आमचा खोलीचा यंत्र दोन वाव जास्तीच दाखयता,” दिगू कौतुकाने म्हणाला. “आमका सगळ्यांका म्हायत आसा. त्येका कशाक दुरुस्त करूचा?”

“हेच तर,” रेवा म्हणाली.

तीस दिवस सरले. नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी रेवा परत आली. होडी धक्क्याला होती, खलाशी जाळ्याच्या फाटक्या जागा विणत बसले होते. रेवाने सूची मोठ्याने वाचायला घेतली. पहिली ओळ खोलीच्या यंत्राची, दोन वाव वजा. दुसरी होकायंत्राची, तिसरी इंजिनाच्या काट्याची. चौथ्या ओळीला ती जरा अडखळली.

“स्रोत, वायरलेस. तांडेल इतर होड्यांना ‘काय्येक नाय हय’ म्हणाला, म्हणजे तिथे मासळी भरपूर आहे. आधार, एकोणीस वेळा.”

खलाशी खो खो हसले. साईशच्या हातातली सुई खाली पडली.

“ह्या पुसून टाक,” दिगू म्हणाला.

रेवाने हसत हसत ओळ पुसली. पुढच्या चार ओळी फडाफड झाल्या. नववी तिने आधी मनात वाचली, मग दिगूकडे बघितलं, आणि मग तिने ती सूची त्याच्या हातात दिली. दिगूने ती लांब धरून स्वतःच वाचली.

‘स्रोत, तांडेलाचा आवाज. दांडा ओलांडताना तांडेल जी दिशा सांगेल तिच्यात पाच अंश उजवीकडे मिळवावे. आधार, एक्केचाळीस वेळा.’

दिगूने ती दोनदा वाचली. चाळीस वर्षांत समुद्राने त्याला पुष्कळदा घाबरवलं होतं, पण ही भीती वेगळीच होती. जाळं विणणारे हात थांबले होते आणि कोणीही मान वर करत नव्हतं. एवढ्यावरून त्याला कळायचं ते कळलं.

“साईश,” तो म्हणाला, “ह्या खरा काय रे?”

साईश पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, वीस वर्षं चाकावर बसणारा. तो जाळ्याकडे बघतच म्हणाला, “होय काकानू.”

“कधीपासून?”

“डोळ्याचा ऑपरेशन झाल्यापासून. दोन वर्सां झाली.”

“माका सांगूक काय झाला हुता?”

“तुमी पाणी बरोबर वाचतास. तसा कोणाक वाचूक येणा नाय. फकस्त सांगताना जरा डावीकडे जातास. तेवढा मी उजवीकडे घेतंय.” साईशने सुई उचलली. “त्यात सांगूचा काय?”

दिगूला राग यायला हवा होता. आला नाही. नुसती लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी या माणसाबद्दल माया दाटून आली. दोन वर्षं दिगूची मिजास सांभाळत साईश मागे बसून चाक हळूच फिरवत होता आणि बंदरात नाव दिगूचं होत होतं.

दुपारी तो घरी जेवायला बसला. समोर त्याची बायको वैजयंती वाढत होती. त्याने पाण्याच्या तांब्याकडे हात नेला आणि आज पहिल्यांदाच हाताकडे नीट बघितलं. हात तांब्याच्या डावीकडे जात होता. वैजयंतीने भात वाढता वाढता, न बघता, तांब्या त्याच्या हाताखाली सरकवला.

“तुकापण म्हायत हुता,” दिगू म्हणाला.

“दोन वर्सां सरकवतंय तांब्यो,” ती म्हणाली. “जेवा आता.”

तो जेवला. आमटी चांगली झाली होती, तरी घास उतरेना. आपण सरळ चालत होतो आणि घर, होडी, बंदर सगळं आपल्यासाठी थोडं थोडं सरकत होतं, हे काही केल्या मनातून जाईना.

संध्याकाळी तो रेवाकडे गेला. ती धक्क्यावर तारा गुंडाळत होती.

“नववी ओळ पुस,” तो म्हणाला. “मी मालवणाक जावन डोळे दाखयतंय, चष्मो घेतंय. मगे माझा सांगणा बरोबर येतला.”

“चष्मा जरूर घ्या काका. पण ओळ पुसली तर किनारजाळ्याच्या लेखी तुमचा आवाज अनोळखी होईल. वायरलेसची ओळ पुसली तेव्हा काही बिघडलं नाही, कारण वायरलेस चाक फिरवत नाही. अनोळखी आवाजाला जाळं चाक देत नाही. तुम्ही ओरडत राहाल आणि होडी दांड्याबाहेर उभी राहील. तिच्या मागे सात.”

“मगे त्येका नव्यान शिकव.”

रेवाने तार खाली ठेवली. “डबा शिकला साईशदादांच्या हाताकडे बघून. तुम्ही काय म्हणालात आणि तो हात कुठे गेला, एवढंच त्याला दिसलं. परवापासून चाकावर हातच नसेल. मग तो शिकणार कोणाकडून? मी मुदत वाढवून मागितली होती. मिळाली नाही.”

“आणि मी चष्मो लावन बरोबर सांगलंय तर?”

“तर तो तुमच्या बरोबर सांगण्यात पाच अंश मिळवेल. तुम्ही उजवीकडच्या वाळूत जाल.” ती उठून त्याच्या समोर आली. मग म्हणाली, “काका, एक विनंती आहे. मला बोलायला कसंतरीच वाटतंय. तुम्ही सुधारू नका. दांड्यावर होतात तसेच राहा.”

दिगूने समुद्राकडे बघितलं. होडी सोडून घरी बसायचं म्हटलं तर दांडा वाचणारा दुसरा कोणी बंदरात नव्हता. आठ होड्यांची चूल त्याच्या नजरेवर पेटत होती, आणि ती नजर चुकली तरी चालणार होतं. फक्त रोज तेवढीच चुकायला हवी होती. त्याने सूचीवर अंगठा दिला.

दुसऱ्याच दिवशी तो मालवणला जाऊन चष्मा घेऊन आला. त्या रात्री जेवताना तांब्या पहिल्या झटक्यात हाताला लागला आणि वैजयंतीचा पुढे आलेला हात अधांतरी राहिला. ती हसली, मग पदर डोळ्यांना लावून आत गेली.

एक तारखेला भराडीकृपा मासळी घेऊन तिसऱ्या प्रहरी परतली. खाडीच्या तोंडाशी सात होड्या वाट बघत उभ्याच होत्या. दिगू नाळेवर गेला. साईशही त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, कारण आता त्याला चाकावर काम नव्हतं. मागे चाक आपलं आपण थरथरत होतं.

दिगूने चष्म्यातून पाणी बघितलं. किती दिवसांनी दांडा इतका लख्ख दिसत होता. डावीकडे पिवळट, उजवीकडे फेस, आणि मधून हिरव्या पाण्याची बारीक वाट. ती जिथे होती तिथेच दिसत होती. त्याला इतका आनंद झाला की ओठांवर ‘जरा उजवीकडे’ आलंच होतं.

तो थांबला. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. पाणी पुन्हा सरकलं. पण काही उपयोग झाला नाही, कारण वाट कुठे आहे ते आता डोक्याला कळून चुकलं होतं. तो बघे डावीकडे आणि मन लगेच उजवीकडे ओढून घेई. सूचीतला पाचाचा आकडा त्याला पाठ होता, पण समोरच्या पाण्यावर आपली जुनी चूक नेमकी केवढी, ते त्याला कळेना. ती चूक त्याची एकट्याची होती, आणि ज्याची ती त्यालाच ती कधी दिसली नव्हती. होडी दांड्याकडे निघाली होती, मागच्या सात होड्यांची इंजिनं तिच्यामागून जोर धरत होती.

“साईश,” तो हळूच म्हणाला, “अशा पाण्यात आदी मी काय सांगी होतंय रे?”

साईशने पाण्याकडे बघितलं नाही. त्याला पाणी वाचता येत नव्हतं. त्याने दिगूच्या चेहऱ्याकडे बघितलं, वीस वर्षं बघत आला होता तसं, आणि ती नजर उजवीकडे किती ओढ घेते ते जोखलं.

“‘सरळ’ सांगी होतास, काकानू.”

दिगू तांडेलाने मान वर केली आणि समोरची वाट उजवीकडे आहे हे स्वच्छ ठाऊक असताना, पूर्वीच्याच भरदार आवाजात ओरडला, “सरळ.”

मागे चाक पाच अंश उजवीकडे फिरलं आणि आठ होड्या एकामागून एक घरी आल्या.