मम्मीचा मोबाईल

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पटवून द्यायचं त्राण आता माझ्यात नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय, भर दुपारी दोन वाजता, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. या सत्रात सगळं ऑनलाइन. मंगळवार आणि गुरुवार. अठ्ठावन्न मुलं, अठ्ठावन्न काळ्या चौकटी.

"समजलं का?" विचारायचं. कुणी बोलायचं नाही. मग पुढे जायचं. पालथ्या घड्यावर पाणी ओतताना निदान घडा तरी दिसतो... इथे तोही दिसत नव्हता.

बायको म्हणायची, "अहो, भिंतीशी बोलताय का?"

"भिंतीला कान तरी असतात," मी म्हणायचो.

तिसऱ्या आठवड्यात एक कॅमेरा चालू झाला.

चौकटीखाली नाव होतं, 'मम्मीचा मोबाईल'. मुलं घरच्यांचा फोन घेऊन बसतात, त्यात नवल नाही. पण आत पन्नाशीचा एक माणूस होता. करडा स्वेटर, मागे कोरी भिंत. कुणाचे तरी वडील असतील, म्हटलं बसू देत.

तो मान डोलवत होता.

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सत्र सुरू झाल्यापासून माझं बोलणं कुणाला पोचलेलं दिसलं नव्हतं. मग मी त्याच्यासाठीच शिकवू लागलो. त्याची मान थांबली की उदाहरण पुन्हा सांगायचं, डोलली की पुढे. मुलांचे गुणसुद्धा सुधारले.

एका मंगळवारी मान थांबली... आणि आडवी हलू लागली.

मग त्याने बोट उचललं. डावीकडे.

माझ्या पडद्यावर तिथे आमच्या टॉपरची चौकट होती. काळी.

"बाळा, बरी आहेस ना?"

"हो सर, ठीक आहे."

गुरुवारी पुन्हा तेच बोट. मी पुन्हा विचारलं.

"हो सर... ठीक आहे."

तिच्या तोंडून हो. शेजारच्या चौकटीत नाही, नाही, नाही.

माझे दोन धडे मागे राहिले होते. पाठ भरून आली होती. मी तिचा शब्द धरला आणि पुढे शिकवत राहिलो.

पुढच्या मंगळवारी सत्तावन्न चौकटी होत्या.

विभागातल्या क्लार्कचा फोन आला. पोरगी भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. आठवडाभर तापाने फणफणली होती. आईला, घरमालकिणीला, सगळ्यांना सांगायची, ठीक आहे. शुक्रवारी दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता.

"मम्मीचा मोबाईल कुणाचा आहे रे?" मी वर्गात विचारलं.

एक मुलगा चाचरत बोलला, "माझा, सर. म्हणजे मम्मीचा. त्याचा कॅमेरा पहिल्यापासून फुटलेला आहे."

"मग तुझे वडील बसतात ना ऐकायला?"

"घरी मी आणि मम्मीच असतो, सर. आणि दुपारी ती कामावर असते."

तो बोलत होता... आणि त्याच्या चौकटीतला माणूस ओठ मिटून माझ्याकडे बघत होता.

मी जुनी रेकॉर्डिंग काढून पाहिली. त्यांत ती चौकट काळीच आहे. आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. चौकटींची जागा प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी असते. आमची टॉपर डावीकडे होती, ती फक्त माझ्या पडद्यावर...

तीन आठवड्यांपूर्वी बोट पुन्हा उठलं. या वेळी उजवीकडे.

तिथे अंगठेवाला होता. काहीही विचारा, अंगठ्याचं चित्र पाठवतो, म्हणून मुलांनी पाडलेलं नाव.

मी तास तिथेच थांबवला. त्याच्या खोलीतल्या मित्राला फोन केला, आधी आत जाऊन बघ म्हटलं.

मित्र हसला. "सर, चांगला जेवतोय की!"

वर्गात खसखस पिकली. पिकू दे. मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनाही काही सापडलं नाही.

आता रोज संध्याकाळी त्याला फोन करतो. कंटाळलाय बिचारा. "ठीक आहे, सर," म्हणतो. यापेक्षा जास्त काय करायचं, मला खरंच कळत नाही.

काल गुरुवार होता. तास घेतला.

बोट अजून उचललेलंच आहे.