अनेकवचन

बोईसरच्या एका कारखान्यात दाबमापकं तपासणं हे प्रफुल्लचं काम. काटा एक रेघ सरकला तरी तो नोंद करी. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलही, तो तसंच शिकवी. दर रविवारी प्रार्थना आटोपली की तो मोटरसायकल काढून पूर्वेच्या डोंगरातल्या एका पाड्यावर जाई आणि चिंधूच्या ओट्यावर बसून आधी पार्श्वभूमी सांगे. हे कुणी लिहिलं, कुणासाठी, त्या मुलखात तेव्हा पाऊस किती पडे, लोक काय पेरत. संदेश शेवटी.

ऐकायला चिंधू, त्याची बायको सोमी आणि म्हातारी आई काशीबाई. सोमी आश्रमशाळेत शिकलेली, म्हणून वाचन तिच्याकडे. नवराबायकोला मूल नव्हतं. चिंधूचा धाकटा भाऊ नामदेव चार वर्षांपूर्वी रेतीच्या कामाला म्हणून गेला, तो परतलाच नव्हता. काशीबाई अजूनही रस्त्याकडे तोंड करून बसे.

सप्टेंबरात उत्पत्तीचा चौथा अध्याय आला. काइन आणि हाबेल: थोरल्यानं धाकट्याला शेतात मारलं, ती गोष्ट.

"सर, ह्यो पाठ ऱ्हावं द्या," चिंधू म्हणाला. "भावाभावाचं भांडण. त्यात शिकायचं काय हाय?"

"चिंधूभाऊ, मधला पाठ गाळला तर पुढचा कळत नाही," प्रफुल्ल म्हणाला, आणि त्यानं सोमीला खूण केली.

तुझा भाऊ कुठे आहे, असं देव काइनाला विचारतो, तिथवर सोमी आली आणि काशीबाईनं मान वळवली.

"कोन हाक मारतंय?"

म्हातारीला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. सोमीनं इकडेतिकडे पाहिलं. चिंधू खाली मान घालून तळहातावरचा घट्टा खरवडत राहिला.

मग प्रफुल्ललाही ऐकू आलं. घरामागच्या शेतातून बारीक, एकसारखा आवाज येत होता. नुसत्या आवाजावरून कुठला पंप बिघडलाय ते सांगणारा माणूस तो. त्यानं आसपास मोटर शोधली, विजेचा खांब शोधला. दोन्ही नव्हती. बांधावरून तो शेताच्या टोकाला गेला. बाकी सगळं भात कमरेइतकं वाढून पोटरीला आलं होतं. एका कोपऱ्यात मात्र ते वीतभर, पिवळं पडून राहिलं होतं. आवाज तिथून येत होता. बंद खोलीत मुलं एकत्र पाढे म्हणतायत आणि आपण भिंतीला कान लावलाय, तसा. त्यानं चिखलावर तळहात टेकला. चिखल कोमट होता.

"तिकडं पीक येत नाय," मागून चिंधू म्हणाला. "चार वरसं झाली. शेन टाकलं, खत टाकलं. चला सर, च्या निवतो."

आठवडाभर प्रफुल्लनं स्वतःला समजावलं. जमिनीखाली हवा कोंडली असेल, कुजणाऱ्या मुळांची ऊब असेल. रोज संध्याकाळी तो त्याच अध्यायाचे संदर्भ काढून वाचत बसला, आणि रविवारी वही घेऊन पुन्हा गेला.

"भावाचं रक्त जमिनीतून ओरडतंय, असं इथं लिहिलंय," तो म्हणाला. "मूळ भाषेत रक्त हा शब्द अनेकवचनी आहे."

"मेला एक जन," सोमी म्हणाली. "मंग रक्त अनेक कसं?"

"जुने शिक्षक सांगत, ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. त्याला पुढे जी मुलं झाली असती, त्या मुलांना जी झाली असती, त्या सगळ्यांचं. तीही त्याच दिवशी मारली गेली."

चिंधू उठला. कुडात खोचलेला कोयता त्यानं उपसला आणि कुणाकडे न बघता तो शेतात उतरला.

कोपऱ्यात पोचताच तो जमिनीवर घाव घालू लागला. "गप ऱ्हा. गप ऱ्हा तुमी." चिखल उडून त्याच्या तोंडावर येत होता. प्रत्येक घावाला एक आवाज बंद पडे आणि हातभर अंतरावर दुसरा सुरू होई.

सोमी आणि प्रफुल्ल धावले. त्यांच्या आधी काशीबाई पोचली होती. कधी उठली, कशी पोचली, कुणाला कळलं नाही. ती त्या कोपऱ्यात पालथी पडली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

"आये, ऊठ," चिंधू म्हणाला. त्याचा हात थांबला नाही.

पहिला घाव म्हातारीच्या खांद्यात बसला.

दुसऱ्या घावाच्या आड प्रफुल्लनं हात घातला. दुखलं नाही. चिखलात आपली दोन बोटं पडलेली त्याला दिसली.

तिसरा घाव उचलला गेला तेव्हा सोमीनं बांधावरची कुदळ नवऱ्याच्या डोक्यात घातली.

चिंधू तोंडावर पडला. कानातून रक्त येत होतं. चिखलाला गाल लावून तो बोलू लागला, जणू खाली कुणाला सांगत होता.

"लगीन ठरलेलं त्याचं. वाटा मागत व्हता. मी तीनदा पहार घातली. पयल्या घावाला त्यो दादा म्हनला."

जमिनीतला आवाज थांबला.

पोलिसांनी खणलं तेव्हा तीन हातांवर नामदेव सापडला. कवटी तीन जागी फुटलेली. चिंधू वाचला, आणि कोठडीतही त्यानं तेच सांगितलं. काशीबाईचा खांदा भरून आला, हात मात्र निकामी झाला.

जानेवारीत, हाताची जखम भरल्यावर, प्रफुल्ल एका दुपारी पाड्यावर गेला. शेत कोरडं, शांत होतं. काशीबाई ओट्यावर होती, आज मात्र रस्त्याकडे पाठ करून. सोमीनं त्याला अंगणाच्या कडेलाच थांबवलं.

"पाय देऊ नका सर. बघा आदी."

अंगण सकाळीच सारवलेलं होतं. त्यावर पावलांचे ठसे होते. अनवाणी, लहान, दहा-बारा जणांचे. सगळे शेताकडून येऊन घरात गेलेले. बाहेर येणारं एकही पाऊल नव्हतं.

"पाड्यावरची पोरं असतील," प्रफुल्ल म्हणाला.

"मी बी तसंच म्हनले. रोज सारवते, रोज असतात." सोमीनं सगळ्यांत मोठ्या ठशाशेजारी आपलं पाऊल ठेवलं. ठसा तिच्या पावलापेक्षा बोटभर लहान होता.

"दिवाळीत हे पाऊल माज्या अंगठ्याएवढं व्हतं," ती म्हणाली.