माझंच काही चुकलं असेल

कागलजवळच्या शामराव पोवारांच्या गुऱ्हाळात सकाळी सकाळी यंत्राची समजूत काढणं चाललं होतं.

“मामा, बाराव्या ओळीतल्या ११८चा अर्थ मला नीट लागला नाही. माझंच काही चुकलं असेल. मिनिटं धरून पुढे जाते. सवडीने एकदा बघावं,” चुलवाणाजवळचा यंत्राचा भोंगा घरातल्या लेकीसारखा हळू आवाजात म्हणाला.

“असू दे गं. तुजं कशानं चुकतंय? चालू दे निवांत,” मामा म्हणाले आणि पेटी पुढे ओढून भजन म्हणायला बसले. गावात सगळेच त्यांना मामा म्हणत, म्हणून यंत्रही म्हणायचं. पेटी म्हणजे मामांचा जीव की प्राण. काहिलीत, त्या मोठ्या कढईत, रस उकळत असला की ते वाजवायचे, आणि अख्खं घर माना डोलवून वा वा करायचं.

जुना गुळव्या म्हातारा होऊन लेकीकडे राहायला गेला, तेव्हा मामांनी हे यंत्र बसवलं. रस ढवळणं, मळी काढणं, जाळ कमीजास्त करणं आणि वेळ आली की काहील उतरवणं, सगळं तेच करी. त्याला काम सांगायचं ‘उमज’ नावाच्या मराठी संगणकभाषेत. ही भाषा कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीने तयार केली होती, आणि मामांची सख्खी भाची मृदुला इंगवले तिथेच कामाला होती. यंदा मामांनी पहिल्यांदाच सगळ्या सूचना स्वतः लिहिल्या. त्याचा त्यांना कोण अभिमान! आल्यागेल्याला चहाच्या आधी त्या वाचून दाखवत.

पण गूळ काही बसेना. साच्यातून ढेप काढावी तर ती परातीत पसरायची. बाजारातून दोनदा माल परत आला, तेव्हा मात्र मामांनी हाय खाल्ली. वडिलांपासून नावाजलेला गूळ, आणि आता व्यापारी नुसता बोट लावून बघतो आणि पुढे जातो! शेवटी मामींनी मृदुलाला फोन केला. रविवारी यंत्र बघायला गिऱ्हाईक येणार आहे, मामा गुऱ्हाळ कायमचं बंद करतायत, आणि दोन दिवस झाले धड जेवलेलेही नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

मृदुला त्या वेळी कचेरीत अगदी खुशीत बसली होती. तिचं काम चूकनिरोप तपासण्याचं. लिहिणाऱ्याचं काही चुकलं की भाषा जो निरोप देते, तो चूकनिरोप. पूर्वी हे निरोप ठरावीक असायचे, ‘ओळ बारा, चूक’ म्हणून खेकसायचे आणि काम थांबवायचे. लोक घाबरून यंत्रच बंद करत. म्हणून उमजच्या नव्या आवृत्तीत एक ‘मांडणीकार’ घातला होता. घरच्यांच्या परवानगीने तो त्यांचं आपसातलं बोलणं ऐके आणि त्याच वळणाने निरोप रचून देई. ही आवृत्ती आधी मामांसारख्या थोड्या लोकांकडे दिली होती. सगळीकडे ती सोमवारी जायची होती.

मांडणीकाराच्या घटक-चाचण्या मृदुलानेच लिहिल्या होत्या. घटक-चाचणी म्हणजे प्रोग्रामचा एकेक तुकडा सुटा काढायचा, त्याला मुद्दाम चुकीचं काहीतरी द्यायचं आणि तो काय उत्तर देतो ते बघायचं. पूर्वी अक्षरन् अक्षर जुळवता यायचं. आता प्रत्येक घराचा निरोप वेगळा, म्हणून तिने तीन प्रश्न ठरवले होते: चूक कुठे आहे ते सांगितलं का, काय ते सांगितलं का, आणि पुढे काय करायचं ते सांगितलं का? शेकडो चाचण्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. तिच्या साहेबांनी, चौगुले सरांनी, पेढेसुद्धा मागवले होते. त्यातला एक तोंडात असतानाच मामींचा फोन आला.

ती तडक कागलला गेली. गुऱ्हाळात मामा, मामी आणि गडहिंग्लजचे दोन पाहुणे बसले होते. यंत्राची प्रकृती बरी नाही, बिचारं रोज माफी मागतंय, त्याला कशाला बोल लावायचा, असं मामा पाहुण्यांना समजावत होते. मृदुलाने पडद्यावर बारावी ओळ काढली. ‘११८ झाले की काहील उतरव.’

बस्स, एवढंच. मामांच्या मनात ११८ अंश होते, रस तेवढा तापला की गूळ बसतो. पण अंश हा शब्द लिहायचा राहून गेला. यंत्राने मिनिटं धरली आणि रोज अर्धाकच्चा पाक साच्यात ओतला. निरोपात ओळ होती, कारण होतं, उपायही होता. मृदुलाच्या तिन्ही प्रश्नांत तो पास होत होता. फक्त चूक स्वतःवर घेऊन बसला होता, आणि मामांसारख्या माणसाने माफी मागणाऱ्याला खोदून विचारायचं तरी कसं?

“सापडलं का गं?” मामांनी विचारलं. पाहुणेही वळून बघायला लागले.

“मामा, ते... आमचंच काही चुकलं असेल,” मृदुला म्हणाली, आणि जागच्या जागी थिजली.

हे वाक्य भोंग्याने कुठून उचललं ते तिला आत्ता कळलं. ते तिचंच होतं. मामांचा मोबाइल हरवला तेव्हा ती हेच म्हणाली होती, मामांनी लग्नाची तारीख चुकीची सांगितली तेव्हाही हेच. सगळं घरच असं बोलत आलं होतं. मोठ्या माणसाची चूक दिसली की ती पटकन आपल्या पदरात घ्यायची. मांडणीकार बिचारा घरचं वळण इमानेइतबारे शिकला होता. तिला हसू आलं आणि भीतीही वाटली. आता गप्प राहिलं तर रविवारी यंत्र जाणार, आणि मामा आयुष्यभर त्याच्या नशिबाला हळहळत बसणार.

“नाही मामा,” तिने बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. “यंत्र चांगलं आहे. चूक तुमची आहे. ११८ कशाचे, ते तुम्ही लिहिलेलंच नाही.”

मामींनी पदर तोंडाला लावला. पाहुण्यांनी चहाच्या कपात डोकी घातली. मामा पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला, ओळ दोनदा वाचली.

“आयला,” ते म्हणाले. मग एवढ्या मोठ्यांदा हसले की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

त्याच दुपारी पाक ११८ अंशांवर उतरला. संध्याकाळी साचा उपडा केला तर ढेप खणखणीत उभी राहिली. मामांनी गिऱ्हाइकाला फोन करून रविवारी यायचं ते गूळ खायला ये म्हणून सांगितलं.

मृदुलाने तिथेच बाजेवर बसून चौथी चाचणी लिहिली. एक छोटा, घरचं काहीच ठाऊक नसलेला वाचक-प्रोग्राम घ्यायचा, त्याला फक्त निरोप द्यायचा आणि विचारायचं: आता दुरुस्ती कुणी करायची? ‘लिहिणाऱ्याने’ असं उत्तर आलं तरच पास. शेकडो हिरव्या चाचण्या बघता बघता लाल झाल्या. सोमवार हुकला. चौगुले सरांना फोन करून तिने सांगितलं, की आपली घाई झाली, आणि त्यात तुमची जास्त. एकदा जीभ वळली की पुढचं सोपं जातं. सर म्हणाले, चौथी चाचणी पाठव.

पुढच्या आठवड्यात दुरुस्त मांडणीकार आला. परीक्षा म्हणून मामांनी मुद्दाम अंश खोडले.

“मामा, बाराव्या ओळीत ११८ कशाचे ते तुम्ही लिहिलं नाही. अंश की मिनिटं? तुम्ही सांगेपर्यंत मी जाळ लावणार नाही,” भोंगा म्हणाला. आवाज तोच, लेकीसारखा.

“लई शानी झाली की,” मामा खूश होऊन म्हणाले. त्यांनी अंश लिहिले, जाळ लागला. गरम गुळाची वाटी मृदुलापुढे सरकवून त्यांनी सवयीने पेटी पुढे ओढली, भाता मोकळा केला, आणि मधेच त्यांचा हात थांबला. त्यांनी मामींकडे बघितलं. मामी घाईघाईने आत गेल्या.

“मृदुला,” मामा सावकाश म्हणाले, “आता खरं सांगायचं. माझी पेटी कशी वाजते?”