बिनपंपाचा फवारणीवाला

प्रासोजोनं पाठीवरचा पंप हापसायला घेतला, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याची नळीच धरली.

"हे खाचर आमचं आहे, मास. तुम्हाला पलीकडच्यांनी बोलावलंय."

डेलांगूच्या शिवारात बांध असे एकमेकांत गुंतलेले, की भाड्यानं फवारणी करणाऱ्याची अशी चूक व्हायचीच. 'मास' अशी आदरानं हाक मारणाऱ्या आवाजाकडे तो वळला. गुडघाभर चिखलात एक मुलगी उभी होती. बांबूची टोपी मागे सरकलेली... आणि नळी काही ती सोडत नव्हती.

"चुकलो, म्बाक," अनोळखी तरुणीला आदरानं म्हणतात तसं तो म्हणाला. "पण तुडतुडे तर तुमच्याही भातात दिसताहेत. आलोच आहे, तर मारून टाकतो."

"तुडतुडे आहेत, तसे त्यांना खाणारे कोळीही आहेत. तुमच्या औषधानं दोघंही मरतील. तुडतुडे लगेच परत येतील, कोळी नाही यायचे."

"मग मी काय खायचं?"

"पलीकडच्यांची मजुरी."

तिचं नाव निंग्रुम. गावातल्या शेतशाळेत ती एक गोष्ट पक्की शिकली होती: कीड दिसली म्हणून लगेच फवारायचं नाही. फवारणीला लागणाऱ्या पैशांपेक्षा जास्त भात वाचणार असेल, तरच पंप उचलायचा. तसं करून बघायला तिनं वडिलांकडून हे एक खाचर एका हंगामापुरतं मागून घेतलं होतं. पीक गेलं, तर खाचर काकांना कसायला जाणार होतं, आणि पुन्हा तिचं कुणी ऐकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रासोजो परत आला, पंपाशिवाय. कोळी खरंच तुडतुडे खातात का ते बघायचंय, म्हणाला. मग रोजच येऊ लागला. दवानं जाळी चमकत असायची. ती भाताच्या रोपांची एकेक चूड हलकेच थोपटायची, पाण्यावर तुडतुडे पडायचे, आणि दोघं वाकून मोजायचे. त्याचा आकडा नेहमी चुकायचा.

"असं कसं होतं, मास?"

"माझं लक्ष कोळ्यांकडे असतं."

"कोळी खाली आहेत. माझ्या चेहऱ्यावर नाहीत."

तो हसला – आणि पुन्हा चुकला.

मग भात पोटरीत आला, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, आणि पाटाकडच्या कोपऱ्यात तुडतुडे एकदम वाढले. काका बांधावरून जाता जाता म्हणाले, पोरगी कोळी पाळते, भात काय पिकवणार. वडील कोपरा बघून तसेच घरी वळले, आणि तेच निंग्रुमला जास्त लागलं. तिनं सगळं खाचर पुन्हा पायाखाली घातलं. बाकी सगळीकडे कोळी पुरेसे होते. कोपऱ्यात मात्र फवारलं नाही, तर औषधाच्या खर्चापेक्षा जास्त भात जाणार होता.

"उद्या पंप आणा," ती प्रासोजोला म्हणाली. "फक्त या कोपऱ्यापुरता."

"मला वाटलं, घाबरून सगळंच मारायला सांगाल."

"घाबरलेय. पण म्हणून कोळी कशाला मारू?"

त्यानं कोपरा फवारला आणि मजुरीही तेवढ्याचीच घेतली.

कापणीच्या सुमारास शेजारच्या खाचरांत, जिथं पुन्हा पुन्हा फवारलं होतं तिथं, करपलेले तपकिरी डाग पडले होते. निंग्रुमचा भात दाण्यांच्या भारानं ओणवा झाला होता. वडिलांनी एक लोंबी तळहातावर चुरली, दाणे फुंकून पाहिले आणि विचारलं, पुढच्या हंगामाला बियाणं कुठलं धरतेस? मग ते बांधावर प्रासोजोशी काहीतरी बोलून घरी गेले.

"काय म्हणाले?" निंग्रुमनं विचारलं.

"विचारत होते, फवारणीवाला रोज पंपाशिवाय का येतो."

"मग?"

"खरं ते सांगितलं." तो चिखलातल्या आपल्या पायांकडे बघत राहिला. "तर म्हणाले... मला काय सांगतोस, तिला विचार."

वाऱ्यानं भात सळसळला. तो हातातली एक लोंबी उगाच चुरत राहिला.

"मास, कधी थांबायचं ते मी तुम्हाला शिकवलं," ती म्हणाली. "कधी थांबायचं नाही, तेही मीच शिकवू?"

मग त्यानं विचारलं. आणि निंग्रुमला उत्तर द्यायला काहीच मोजावं लागलं नाही.