मेलेल्यांना आवडलेली कादंबरी

"माझ्या नवऱ्याला मरून चाळीस दिवस झाले गेल्या रविवारी. आणि परवा त्यानं कादंबरीवर मत दिलंय!"

स्तोइमेन्का म्हातारीनं एक चिठ्ठी इन्स्पेक्टर व्हेलिचका दोन्चेवाच्या टेबलावर आपटली. वाचनालयाच्या फळ्यावरून तिनं ती ओरबाडून आणली होती.

'काळ्या काचेची इमारत. एका बैठकीत संपवली! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्सोन्यो मारिनोव्ह दिकोव्ह.'

"कबरीत झोप येत नाही म्हणतोय," म्हातारी म्हणाली. "थू!"

"कुणी केलं असेल?"

"अध्यक्ष म्हणतात, ग्रंथपाल रायानं. पण राया नाही."

"कशावरून?"

"नाही म्हणजे नाही." म्हातारीनं पदराची गाठ मारावी तशी ओठांची गाठ मारली आणि निघून गेली.

व्हेलिचकानं तेवीस वर्षांत दोन खून आणि शेकड्यानं कोंबडीचोर पाहिले होते. पण ती चिठ्ठी हातात धरताना तिला उष्ट्या ताटात बोट बुडवल्यासारखं झालं.

डॅन्यूबकाठच्या त्या गावात वाचनालय दर एक नोव्हेंबरला वाचकांच्या आवडत्या पुस्तकाचा मान करतं. दारातल्या पेटीत वाचक चिठ्ठ्या टाकतात, चिठ्ठी आली की ती फळ्यावर लागते. ज्या पुस्तकाची स्तुती जास्त, ते जिल्ह्यातली सगळी वाचनालयं विकत घेतात. यंदा ल्युबेन स्तांचेव्हची 'काळ्या काचेची इमारत' ही कादंबरी पुढे होती. एका कंपनीचे संचालक एकेक करून मरतात, अशी.

व्हेलिचका फळ्यासमोर उभी राहिली.

'खून एकशे त्र्याऐंशीव्या पानावर. तोवर नुसत्या बैठका आणि कॉफी,' एकीनं लिहिलं होतं. 'मी साखर कारखान्यात तीस वर्षं काढली. संचालक एवढे हुशार असते तर कारखाना बुडाला नसता,' दुसऱ्याचं मत. ही सगळी हातानं लिहिलेली. स्तुतीच्या एकोणीस चिठ्ठ्या मात्र छापील होत्या. त्यातल्या अठरा नावांची निधनपत्रकं व्हेलिचकानं फोटोसकट गावातल्या भिंतींवर, दारांवर पाहिली होती. जिवंतांना पुस्तक पचलं नव्हतं आणि मेलेल्यांनी मिटक्या मारल्या होत्या.

"लाजिरवाणं आहे, इन्स्पेक्टरबाई!" वाचनालयाचे अध्यक्ष दिमो कालफोव्ह मागे येऊन उभे होते. गुबगुबीत माणूस, बाहीला शाईचा डाग. चर्चसमोर त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका असो की निधनपत्रक, गावाचं सगळं तिथेच छापलं जाई. "पेटीची किल्ली एकट्या रायाकडे. समोर ती भिंत बघा, पत्रकांनी भरलेली. जाता-येता नावं उतरवली बाईनं."

"तिचा फायदा?"

"लेखक तिचा वर्गमित्र. जुनं प्रकरण." कालफोव्हनी डोळा मिचकावला. "एक तारखेच्या सभेत तिला काढतोय. चोवीस वर्षं नोकरी झाली, पण नियम म्हणजे नियम."

डोळा मिचकावणारी माणसं व्हेलिचकाला मुळीच आवडत नसत.

राया ताबाकोवा आतल्या खोलीत पुस्तकांना पुठ्ठे चढवत होती. डोळे सुजलेले, पण हात थांबले नव्हते.

"चिठ्ठ्या तू लिहिल्यास?"

"नाही. पेटीत मेलेल्यांची नावं दिसली, तशी मीच अध्यक्षांकडे गेले. दुसऱ्या दिवशी नोटीस माझ्याच हातात."

"सिद्ध कसं करशील?"

रायानं पुठ्ठ्याची कड दाबून बसवली.

"काही तरी असेल ना?"

"त्सोन्योचं नाव मी कधीच घातलं नसतं."

"का?"

"ते नाही सांगणार."

"अगं, नोकरी जाईल! एवढ्याशा गावात दुसरी कोण देणार तुला?"

"कळतंय मला," राया म्हणाली आणि पुढचं पुस्तक ओढलं.

लेखक नदीकाठच्या हॉटेलात उतरला होता. तो राजधानीत, सोफियात राहायचा, गेल्या मंगळवारी आला होता. चिठ्ठ्या मात्र सप्टेंबरपासून पडत होत्या.

"मतं वाचून मला रडूच आलं," तो म्हणाला. "विशेषतः ते त्सोन्यो. अशा वाचकाला एकदा भेटायचंय."

"भेटाल," व्हेलिचका म्हणाली. "पण घाई करू नका."

उरलं एकोणिसावं नाव, गेनो पेएव्ह कारापेंचेव्ह. याचं पत्रक तिनं कुठेच पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती डोंगरावरच्या वस्तीत त्याच्या विधवेला भेटायला गेली. अंगणात दारूची भट्टी लागली होती. एक म्हातारा नळीखाली पेला धरून बसला होता.

"गेनो कारापेंचेव्हच्या घरचं कोण आहे?"

"मीच गेनो. ये पोरी, पहिल्या धारेची आहे."

व्हेलिचकानं चिठ्ठी पुढे केली. म्हाताऱ्यानं ती हात लांब करून वाचली.

"'प्रत्येक अधिकाऱ्यानं वाचावी.' मी? मी औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचत नाही गं, म्हणून तर ऑगस्टमध्ये मरायला टेकलो होतो. अकरा दिवस इस्पितळात. डॉक्टरांनी हात टेकले, तशी सुनेनं मला पुरताना घालायचा कोट इस्त्री केला, पत्रकं छापून आणली. भारी घाई तिला!"

"पत्रकं कुठे लावली?"

"कुठली लावतेय! दुपारी आणली आणि संध्याकाळी मी डोळे उघडले. बायकोनं गठ्ठाच्या गठ्ठा चुलीत घातला. अपशकुन नको म्हणून."

"एकही बाहेर गेलं नाही?"

"एकही नाही. मोजून जाळली तिनं."

व्हेलिचकानं पेला एका घोटात संपवला. तोंडाची कडू चव काही गेली नाही.

एक नोव्हेंबरला सभागृह भरलं. कालफोव्हनी रायाचं नाव घेतलं, नियम वाचला, सुस्कारा सोडला. राया पहिल्या रांगेत ताठ बसली होती.

"एक शंका, अध्यक्ष," व्हेलिचका उठली. "नावं भिंतीवरून उतरवली म्हणता. गेनो कारापेंचेव्हचंही?"

"अर्थात. बिचारा गेनो! महिनाभर होतं त्याचं पत्रक समोरच्या भिंतीवर. मी स्वतः पाहिलंय."

"काय लिहिलं होतं रे त्यावर?" मागच्या रांगेतून आवाज आला. "माझं वाचायचं राहून गेलं."

गेनो टोपी काढून उभा होता. दोन बायकांनी अंगावर क्रूस काढला.

"ते पत्रक भिंतीला कधी लागलंच नाही," व्हेलिचका म्हणाली. "दुपारी छापलं, संध्याकाळी जळलं. घरच्यांशिवाय ते एकाच ठिकाणी होतं, तुमच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर. तिथूनच तुम्ही नावं उचललीत. आयती, बापाच्या नावासकट. मेलेलीच निवडलीत, कारण जिवंत माणूस बाजारात भेटून म्हणाला असता, मी नाही लिहिलं. गेनो डोंगरावरून क्वचित उतरतो. तो उठून बसला हे तुम्हाला कळलंच नाही."

"किल्ली रायाकडे आहे!"

"पेटीत चिठ्ठी टाकायला किल्ली कशाला? फट पुरते. आणि ही कादंबरी छापली कुणी? शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तुमच्याच छापखान्याचं नाव आहे. तुमच्या गोदामात चारशे प्रती न खपता पडल्यात, काल मी पाहून आले; वाचनालयांनी घेतल्या तर पैसा तुमचाच. रायानं बोंब मारली, तेव्हा तिलाच पुढे ढकललंत. वर तिच्या अब्रूला हात घातलात. मला ओकारी येते तुमची."

कालफोव्हनी कपाळ पुसलं. "पण मेलेल्यांचं बिघडलं काय? दोन चांगले शब्दच तर लिहिले!"

"बिघडलं काय?" स्तोइमेन्का उठली होती. "माझ्या त्सोन्योला वाचताच येत नव्हतं, मेल्या!"

म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली.

"चष्मा विसरलो म्हणायचा, जन्मभर. शेवटची तीन वर्षं दर सोमवारी, वाचनालय बंद असताना, मागच्या दारानं जायचा. मला वाटलं, म्हातारपणी बाई ठेवली. खिडकीतून बघते तर राया त्याला मुळाक्षरं शिकवतेय. एवढं एक वाक्य ती बोलली असती तर तिथल्या तिथे सुटली असती."

राया संतापून वळली. "का बोललीस? मी त्याला शब्द दिला होता!"

"तू पाळलास. आणि मी? नवऱ्याची लाज झाकायला तुझी नोकरी जाऊ देत होते. चार दिवस तोंड शिवून बसले. थू माझ्यावर."

व्हेलिचकानं कालफोव्हचा दंड धरला आणि त्याला बाहेर नेलं. लोक वाट देताना भिंतीला चिकटले, त्याचा कोट आपल्याला लागू नये म्हणून.

राया म्हातारीजवळ गेली.

"शेवटच्या सोमवारी त्यानं पहिलं पूर्ण नाव लिहिलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी म्हटलं, स्वतःचं लिही. पण त्यानं तुझं लिहिलं."