मामीच्या गाडीचा पिवळा दिवा

"मामी, दिवा! दिवा डोळे मिचकावतोय!"

टिल्लू ओरडला आणि त्याच क्षणी चढावर गाडीला हुडहुडी भरली. स्टिअरिंग थरथरलं, औषधांची खोकी एकमेकांवर आपटली आणि मागच्या ट्रकने असा कर्कश हॉर्न दिला की टिल्लूने दोन्ही कान घट्ट झाकले.

मामीने गाडी अलगद कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "इंजिनाचा दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. पण मिचकावायला लागला की तिथल्या तिथे थांबायचं. नाहीतर इंजिनाचं वाटोळं!"

फिरत्या दवाखान्याची ती पांढरी व्हॅन मामी सहा वर्षं चालवत होती. सुट्टीत तिची दोन भाचरं राहायला आली होती: बारा वर्षांची घार आणि तिचा धाकटा भाऊ टिल्लू. मागे खोक्यांच्या सांदीत अडकून बसला होता मामीचा मुलगा, वकील. घारीला घार म्हणायचे ते तिच्या नजरेमुळे. वकिलाला वकील का म्हणायचे, ते त्याने तोंड उघडलं की कळायचं.

"आई, मागच्याच आठवड्यात दुरुस्त केली होती ना? मग हा चक्क विश्वासघात आहे!"

"मागच्या आठवड्यात, त्याच्या आधी आणि त्याच्याही आधी," मामी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता.

गाडी दोराने ओढत दवाखान्याच्या गाड्यांच्या तळावर आणली. उस्ताद म्हणजे तळावरचा मुख्य मेकॅनिक. त्याने स्कॅनर जोडला आणि कपाळावर हात मारला.

"तिसरा सिलिंडर! पुन्हा तिसराच! प्लग बदलला, कॉइल बदलली, इंजेक्टर बदलला. दर वेळी दोन-चार दिवस गाडी गुणी बाळासारखी चालते आणि मग पहिले पाढे! आता इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलतो. शनिवारी येईल."

तेवढ्यात तळाचे साहेब आले.

"बाई, इथे नऊ गाड्या आहेत. दिवा लागतो तो तुमच्याच गाडीचा. मला तर वाटतं, गाडीपेक्षा चालवणाऱ्याचे हात तपासायला हवेत. सोमवारपासून तुम्ही औषधांच्या खिडकीवर बसा. गाडी दुसरं कुणीतरी चालवेल."

"बरं," मामी म्हणाली.

ते एक 'बरं' घारीला मुळीच पटलं नाही. मामी भांडली असती, रडली असती तरी चाललं असतं!

संध्याकाळी मामीने कपाटावरून जुनी सुटकेस काढली आणि आपला ड्रायव्हरचा गणवेश तिच्या तळाशी ठेवला. तिघं दारातून बघत होते.

"परवा सकाळपर्यंत वेळ आहे," घार कुजबुजली. "स्कॅनर नक्की काय सांगतो रे?"

"तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, म्हणून इंजिन अडखळतं," वकील म्हणाला.

"म्हणजे कुठे दुखतंय ते सांगतो. का दुखतंय ते नाही!"

"माझ्या पोटासारखं," टिल्लू म्हणाला.

"तुझ्या पोटाचं कारण अख्ख्या घराला माहीत असतं!" घार म्हणाली.

शुक्रवारी सकाळी घारीने मामीची फेऱ्यांची वही मागून घेतली. तारीख, गाव, किलोमीटर, शेरा. मामीचं टपोरं, सरळ अक्षर. 'दिवा लागला' असं सात ठिकाणी लिहिलेलं होतं. पहिला दिवा वर्षाच्या सर्व्हिसिंगनंतरचा. त्याआधीच्या पाच वर्षांत एकदाही नाही!

"सातांतले सहा गुरुवार," घार म्हणाली. "गुरुवारी काय होतं?"

"गुरुवारी आई चढावरच्या गावाला जाते. झालं, चढाचाच दोष! खटला निकाली!"

"आणि गुरुवारी सकाळी गाडी धुतात," टिल्लूने जांभई देत सांगितलं. "काल मीच साबण लावला ना."

घारीने मामीची वही बगलेत मारली.

पुढच्या पाचव्या मिनिटाला तिघं तळावरच्या धुलाईच्या चौथऱ्यावर होते. तिथले धुलाईकाका म्हणजे मोठं नमुनेदार माणूस. प्रेशरचा पाइप ते तोफेसारखा खांद्यावर घेऊन हिंडत.

"काका, मामीची गाडी कधी कधी धुतली?"

"दर गुरुवारी! बाकीचे ड्रायव्हर महिना महिना फिरकत नाहीत. तुमची मामी मात्र शिस्तीची. मग मीही मनापासून धुतो. बॉनेट उघडून इंजिनसुद्धा चकाचक!"

"इंजिनावर पाणी?" वकील किंचाळला.

"अरे, साहेबांना चकाकी आवडते!"

घारीने धुलाईची नोंदवही पुढे ओढली आणि आपल्या वहीच्या एका पानावर सगळ्या तारखा उतरवल्या. एका गुरुवारी पंप बंद होता, धुणं झालं नव्हतं. मामीची वही उघडली: त्याच गुरुवारी गाडी चढावरच्या गावाला गेली होती आणि दिवा लागला नव्हता! उरलेला सातवा दिवा रविवारचा. त्या दिवशी पाहुणे यायचे म्हणून गाडी जादा धुतली होती आणि फिरली होती ती सपाट रस्त्यावर.

"चढ निर्दोष," वकिलाने मान्य केलं. त्याला ते जड गेलं. "पण मग प्लग, कॉइल बदलल्यावर दिवा विझायचा कसा?"

"दुरुस्तीला गाडी दोन दिवस उन्हात उभी असते, बॉनेट उघडं टाकून," घार सावकाश म्हणाली. "ती वाळते रे! भाग बदलल्याने नाही, वाळल्याने बरी होते!"

शनिवारी सकाळी नव्या कॉम्प्युटरचं खोकं उस्तादच्या टेबलावर होतं. त्याने कात्री उचलली, आणि तारखांची वही हातात धरून घार मध्ये जाऊन उभी राहिली.

"उस्ताद, खोकं उघडू नका! दिवा धुण्याच्या पाण्याने लागतो. एकही भाग न बदलता लावून दाखवते."

"पोरी, हा पोरखेळ नाही! साहेब, यांना बाहेर घालवा बघू!"

साहेबांच्या हातात मामीच्या बदलीचं पत्र होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं. त्यावर एकही नाही."

मामीने मुलांना दोन पावलं मागे उभं केलं, इंजिन सुरू केलं आणि घारीच्या सांगण्यावरून मगभर पाणी आधी दुसऱ्या सिलिंडरवर ओतलं. इंजिन शांतपणे गुणगुणत राहिलं. त्यानंतर दुसरा मग, तिसऱ्यावर.

काहीच झालं नाही.

एक मिनिट गेलं. दोन. उस्तादने कात्री पुन्हा उचलली. घारीने मनात पुन्हा तारखा मोजल्या. चुकलं का आपलं? मामीची गाडी आपल्यामुळे जाणार का?

"वेळ संपत आली," साहेब म्हणाले.

"अजून एक मिनिट आहे!" वकील गरजला. "पाच म्हणजे पाच!"

आणि इंजिनाला उचकी लागली. एक, दोन, मग अख्खी गाडी थडथडायला लागली.

"दिवा! मिचकावतोय!" टिल्लू नाचायलाच लागला.

मामीने झटकन इंजिन बंद केलं. आता उस्तादच्या चेहऱ्यावरचा राग पार पुसला गेला होता. इंजिन निवल्यावर त्याने तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवरची कॉइल उपसली. ठिणगी पाडणारा प्लग खोल बसतो, विहिरीत बसल्यासारखा. त्या विहिरीत पाणी साचलं होतं!

त्याने पहिली विहीर पाहिली, दुसरी, चौथी. तिन्हींच्या तोंडाशी पाणी अडवणारं रबराचं कडं होतं. तिसरीचं तोंड उघडं.

"सर्व्हिसिंगला मीच खोललं होतं," उस्ताद पुटपुटला. "कडं फाटलं होतं. नवं लावतो म्हटलं आणि राहूनच गेलं."

तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, यात बाईंचा काही दोष नाही. चूक माझ्या हातची. तीन चांगले भाग मी उगाच फेकले."

अंगठीएवढं कडं बसलं. विहीर पुसून कोरडी केली. मग मामीने तिसऱ्या सिलिंडरवर एक सोडून तीन मग ओतले. दहा मिनिटं इंजिन चाललं. सगळे श्वास रोखून उभे! पण ना उचकी, ना दिवा.

"यापुढे इंजिनावर पाइप नाही," साहेबांनी धुलाईकाकांना बजावलं. मग पत्राची घडी करून खिशात टाकली आणि घसा खाकरला. "बाई, मी माफी मागतो. गाडी तुमचीच. आणि मुलांनो, शाबास! आम्ही भाग बदलत बसलो, तुम्ही कारण शोधलंत."

उस्तादने घारीपुढे हात केला. "तुझ्या वहीतलं ते तारखांचं पान मला देतेस? टेबलाच्या वर लावतो. नवीन भाग मागवायच्या आधी वाचत जाईन."

घारीने पान फाडून दिलं. वर मामीकडे बघायचं धाडस तिला होईना, कारण मामी पदराने डोळे टिपत होती आणि त्याच वेळी हसतही होती.

"बसा रे पटापट," मामी म्हणाली. "फेरीला यायच्या डॉक्टरबाई केव्हाच्या फाटकाशी उभ्या आहेत."

तिने चावी फिरवली, क्षणभर कान देऊन इंजिन ऐकलं आणि गाडी बाहेर काढली.