तिसऱ्या कडव्यावरचा लोड

ही गोष्ट खरी आहे. घडली तेव्हा मी त्या खोलीत होते.

अशा गोष्टी रात्रीच घडतात असं लोक समजतात. ही भर दुपारची आहे. यंदाचा मे महिना. वर्ध्याचं बोरगाव मेघे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, असं ऊन.

मी फिजिक्समध्ये एमएस्सी केली आहे. आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, बाहेरची बाधा असलं आमच्याकडे कुणी मानत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. म्हणून जे घडलं त्याला मी भूत म्हणत नाही.

दुसरा शब्द मात्र अजून सापडलेला नाही.

माझी आई, कांता, पवनारच्या महिला भजन मंडळात पुढे गायची. आयुष्यभर दुसऱ्यांनी रचलेली भीमगीतं गायली. यंदा पहिल्यांदा तिनं स्वतःचं गाणं रचलं. तीन कडव्यांचं. आमच्याकडे रीत अशी, की रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. आईच्या तिसऱ्या कडव्यात होतं, "कांता सांगे बाई, माहा दिवा मीच झाली."

भांडी घासताना ती हेच म्हणायची. नाव आलं की आवाज चढवायची.

बाबा खाटेवरून चिडवायचे. "सोताचंच नाव घेऊन राह्यली नुसतं. आमचं बी टाक कुठं तरी."

"तुमचं चौथ्या कडव्यात टाकीन," आई म्हणायची. "चौथं अजून सुचून नाई राह्यलं."

माझा मामेभाऊ अंकित बोरगाव मेघेत एका खोलीत स्टुडिओ चालवतो. भिंतींना गोधड्या, एक माइक, एक जुना लॅपटॉप. आई तिथे रेकॉर्डिंगला गेली. संध्याकाळी अंकितनं तिला मोटरसायकलवर घरी आणलं, तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. अंग भाजत होतं. घाम अजिबात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली.

उष्माघात, डॉक्टर म्हणाले.

"गाडीवर ऊन लागलं आत्याले," अंकित येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. "गाणं तं पाच मिनिटात झालतं."

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात आईचं गाणं लावायचं, एवढंच बाबांनी मागितलं. बाकी कशात त्यांनी लक्ष घातलं नाही. पण आदल्या दिवशी अंकितचा फोन आला. गाणं तिसऱ्या कडव्यावर अडकत होतं.

"लॅपटॉपले झेपून नाई राह्यलं," तो म्हणाला. "मी तिसरं कडवंच काढून टाकतो. दोन कडव्यायनं काम चालते ना."

आईच्या नावाचं कडवं.

मी म्हटलं, "हात लावू नको. मी येते."

गेले तेव्हा खिडकीतला कूलर घरघरत होता.

"आल्या सायंटिस्ट मॅडम," अंकित खुर्ची सरकवत म्हणाला. "पाहा बापा तुम्हीच. मी मंडपवाल्याकडे स्पीकरचं सांगून येतो."

तो गेला. मी एकटीच राहिले.

कारण साधं होतं. गाणं वाजत असताना कॉम्प्युटरला पुढच्या क्षणाचा आवाज आधीच तयार ठेवावा लागतो. काम जास्त झालं की वेळ चुकतो आणि टक टक आवाज येतो, किंवा गाणं थांबतं. अंकितनं प्रत्येक ट्रॅकवर इफेक्टचे थर चढवले होते. अशा वेळी ट्रॅक फ्रीझ करतात. म्हणजे कॉम्प्युटर सगळा हिशोब एकदाच करतो, तयार आवाजाची फाइल लिहून ठेवतो आणि मोकळा होतो.

मी ढोलक फ्रीझ केली. कॉम्प्युटरवर किती काम आहे ते दाखवणारा लोडचा काटा उतरला. मग हार्मोनियम. बेंजो. कोरस.

आता काटा तळाला हवा होता.

गाणं लावलं. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसरंही. तिसरं सुरू झालं आणि...

काटा थेट वर गेला. लाल.

उरला होता फक्त आईच्या आवाजाचा ट्रॅक. मी त्यावरचे सगळे इफेक्ट काढले. नुसता रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायला काहीच ताकद लागत नाही. पुन्हा लावलं.

लाल.

ट्रॅक बंद केला. आईचा आवाज गेला. तिसऱ्या कडव्याच्या जागी नुसती ढोलक-हार्मोनियम उरली...

काटा तरीही लालच.

मग मी आईचाही ट्रॅक फ्रीझ केला. या वेळी गाणं अखंड वाजलं. आईचं नाव आलं, नेहमीसारखं चढ्या आवाजात. मी रडले. काम झालं होतं. उठायला हवं होतं.

पण तो लोड कशाचा होता, ते मला कळलं नव्हतं. न कळलेलं सोडून देणं मला जमत नाही.

मी तोच ट्रॅक आणखी एकदा फ्रीझ केला. आता दोन फाइली झाल्या. इफेक्ट नाहीत, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या हव्यात. ते तपासायची एक रीत आहे. आवाज म्हणजे लाट. एक फाइल उलटी करायची, म्हणजे शिखर असेल तिथे दरी येते. दोन्ही एकत्र वाजवल्या की त्या एकमेकींना पुसून टाकतात. फरक असेल, तर तेवढाच ऐकू येतो.

हेडफोन लावला.

पहिलं कडवं... काहीच नाही.

दुसरं... काहीच नाही.

तिसरं...

कुणीतरी धापा टाकत होतं.

मी आवाज वाढवला. श्वास जवळ आला. कोरडा, तोंडाने घेतलेला. आणि मग...

"अंकित, कूलर लाव ना बापा. जीव घाबरून राह्यला."

आईचा आवाज.

हे वाक्य गाण्यात नव्हतं. मी दोन्ही फाइली वेगवेगळ्या ऐकल्या. त्यात फक्त गाणं होतं. एकीतून दुसरी वजा केली की ती बोलायची.

मी तिसऱ्यांदा फ्रीझ केलं. पुन्हा वजाबाकी केली.

या वेळी जास्त उरलं होतं. थांबून थांबून, जणू मध्ये कुणी उत्तर देत होतं. ते उत्तर मात्र नव्हतं. फक्त तीच.

"मंग थोडं पाणी तरी दे..."

"नाई, नाई. नाव आलं पाह्यजे. नावाचं कडवं सोडू नको."

"एक डाव अजून म्हणू? बरं."

बाहेर मोटरसायकल थांबली. अंकित आत आला. मी हेडफोन त्याच्या कानांवर ठेवला.

त्याचा चेहरा पाहत राहिले. तो हळूहळू खाली बसला.

"हे मी तवाच डिलीट केलतं," तो म्हणाला.

"गाणं पाच मिनिटांत झालं होतं ना?"

त्यानं हेडफोन काढून ठेवला.

"अंकित."

"टक टक येत होतं मधी मधी. तिसऱ्या कडव्यालेच. मी म्हटलं, आत्या, पुन्हा म्हण. मंग पुन्हा." त्यानं तोंड पुसलं. "कूलर लावला तं माइकमधी घरघर येते. खिडकी बी लावली होती. मले का मालूम असं होईन म्हणून?"

"ट्रॅक फ्रीझ का केले नाहीस? मी आत्ता केले तसे?"

"वेळ लागते त्याले."

"किती?"

मी नुकतंच ते करून बसले होते. चहा उकळायला लागतो, तेवढा वेळ. मशीनला तेवढा त्रास देण्यापेक्षा आईला पुन्हा गायला सांगणं त्याला सोपं वाटलं. तिनं कधी नाही म्हटलं नाही. तिला तिचं नाव हवं होतं.

"कोणाले सांगू नको," अंकित म्हणाला. "काकाले तं नाईच नाई."

मी पुन्हा फ्रीझचं बटण दाबलं. त्या दुपारचं सगळं मला हवं होतं, शेवटपर्यंत.

"बस कर जागृती."

मी हेडफोन चढवला.

पहिलं कडवं, शांत. दुसरं, शांत. तिसऱ्यात या वेळी धापाही नव्हत्या. बराच वेळ काहीच नव्हतं. मला वाटलं, संपलं.

मग अगदी कानाशी... दमलेला...

"जागृती, आता तरी झालं काय वं? का अजून एक डाव म्हणू?"

त्या दिवशी मी त्या खोलीत नव्हते. आई गायला गेली तेव्हा मी घरी झोपले होते.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. प्रत्येक वेळी मी ते बटण दाबलं तेव्हा कॉम्प्युटर हिशोब करत होता, असं मी समजत होते. प्रत्यक्षात आईला पुन्हा म्हणावं लागत होतं.

मूळ रेकॉर्डिंग लावून पाहिलं. तिसरं कडवं होतं, पूर्ण. पण मघाशी चढलेला आवाज आता चढत नव्हता. "कांता" हे नाव कसंबसं ओठांबाहेर येत होतं.

दुसऱ्या दिवशी मंडपात तेच वाजलं. त्रिशरण-पंचशील झालं, मग गाणं. लोक अंकितची पाठ थोपटत होते. "काय क्लिअर रेकॉर्डिंग आहे बापा." तो मान खाली घालून "हो, हो" करत होता. मीही गप्प राहिले. बाबांसमोर कुठल्या तोंडानं बोलणार होते?

बाबा फोटोकडे बघत होते. गाणं संपल्यावर मला हळूच म्हणाले, "शेवटी शेवटी लय दमली ते."

त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांचं एकच. "जागृती, एक डाव लाव ना." मी लावत नाही. फाइल खराब झाली, असं सांगते. ते वाद घालत नाहीत, नुसते पाहतात.

मागच्या आठवड्यात जेवायची वेळ टळली तरी बाबा घरी आले नाहीत. अंकितला फोन लावला.

"काका इथंच आहेत," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "सकाळपासून आत्याचं गाणं लावून राह्यलो."

"बंद कर, अंकित. आत्ताच्या आत्ता."

"मी करतो वं. काकाच करू देत नाईत."

त्याच्यामागे गाणं ऐकू येत होतं. तिसरं कडवं सुरू झालं. नावाची जागा आली...

आणि नाव आलंच नाही. नुसता एक श्वास.

ढोलक पुढे वाजत राहिली. मग तीही थांबली. फोनमध्ये क्षणभर काहीच नव्हतं.

मग बाबांचा आवाज आला. मायेचा, समजूत घालणारा.

"म्हण कांता. एक डाव अजून म्हण."